परदेशी निघालात? बॅग भरायच्या आधी दवाखान्यात या

सुट्ट्यांचं बुकिंग, मुलांच्या ॲडमिशन, लेकी-सुनांची बाळंतपणं सगळं एकदमच येतं, त्यामुळे यावेळी टपालात आणि मेलवर प्रवासाचेच प्रश्न सगळ्यात जास्त आलेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त परदेश प्रवास. दादरला माझा दवाखाना आहे, तिथे दरवर्षी बघते, लोक तिकीट तीन-चार महिने आधी काढतात, डॉलर घेतात, चार चाकांची नवी बॅग घेतात, आणि डॉक्टरकडे येतात निघायच्या आदल्या आठवड्यात, तेही फक्त फिटनेस सर्टिफिकेटवर सही घ्यायला. लसींना वेळ लागतो हो, काहींना दहा दिवस, काहींना महिना, त्यात मला काहीच करता येत नाही. निदान सहा आठवडे आधी या.

प्रश्न : जुलैअखेर आम्ही केनियाला, मसाई माराला चाललोय. मी, मिस्टर, दहा वर्षांचा मुलगा आणि सासरे, वय ६७. टूरवाले म्हणतात यलो फीव्हरची लस घ्यावीच लागेल, पण माझी मैत्रीण म्हणते केनियात उतरल्यावर कुणी विचारतसुद्धा नाही. मग उगाच कशाला टोचून घ्यायचं? मुलाचं लहानपणीचं एमएमआरचं (गोवर, गालगुंड, रुबेला) दुसरं इंजेक्शन राहिलंय, ते पण आत्ताच उरकावं का? सासऱ्यांना तसं काही नाही, फक्त संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. (वाचक, गिरगाव)

मैत्रीण म्हणते ते अर्धं खरं आहे. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ते सर्टिफिकेट मागत नाही, कारण पीतज्वर, म्हणजेच यलो फीव्हर, आपल्याकडे नाहीच. अडचण परत येताना आहे. केनिया आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे आणि तिथून येणाऱ्याकडे सर्टिफिकेट नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवता येतं. हे एवढं कडक का, तर हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास म्हणजे आपला डेंग्यूवालाच डास, तो मुंबईत घरोघरी आहे, मनी प्लांटच्या बाटलीत, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवर पडलेल्या टायरमध्ये. डास तयार आहे, फक्त विषाणू आलेला नाही, आणि तो येऊच द्यायचा नाही म्हणून हा सगळा बंदोबस्त. मुंबईने दुसरी बाजूही बघितलेली आहे. १८९६ साली इथे प्लेग आला तेव्हा मुंबईहून निघालेल्या जहाजांना दुसरे देश अडवत होते, त्याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. ग्रँट मेडिकल म्हणजे आपलं जे.जे., आणि यलो फीव्हरची लस आज तिथेही मिळते.

ही लस माझ्याकडे किंवा कुठल्याही खाजगी दवाखान्यात सहज मिळेल असं समजू नका, ती सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन, पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि जे.जे., आणि तिथेही अपॉइंटमेंट लागते, सुट्टीच्या सीझनला पटकन मिळत नाही. सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. पूर्वी ते दहाच वर्षं चालायचं, पण ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. कार्डावर पासपोर्ट नंबर लिहितात, तो आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा, घरी येऊन नको.

मुलाचं एमएमआर विचारलंत ते फार बरं झालं. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत, अशा दोन लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यायचे. तुमच्या हातात वेळ आहे म्हणून यलो फीव्हर आधी घ्या, एमएमआर महिन्याने.

आता सासरे. पत्रात ती ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत आणि खरं तर तीच पहिली हवी होती. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबतं, अशा माणसाला ही जिवंत लस देत नाहीत, शिवाय साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रासाचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. केंद्रावर गोळी लपवून लस घ्यायला लावू नका, आणि लस घ्यायची म्हणून गोळी मनाने बंदही करू नका. लस देता येत नाही असं पत्र डॉक्टर देऊ शकतात, पण पत्राने डास चावायचा थांबत नाही आणि परत येताना क्वारंटाईनची टांगती तलवार राहतेच. माझं मत विचाराल तर बाबांना केनियाला नेऊ नका, त्यांना घेऊन डिसेंबरात दुसरीकडे कुठेतरी जा. वाईट वाटेल त्यांना, पण मी माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं असतं.

आणि मलेरिया राहिला. टूरवाल्यांनी त्याबद्दल काही सांगितलेलं दिसत नाही, आणि मला तर त्याचीच जास्त काळजी आहे, कारण त्याला सर्टिफिकेट लागत नाही म्हणून कुणी लक्षच देत नाही. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूवर जाणारा. जायच्या आधीपासून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात, काही रोज, काही आठवड्याला एक, आणि परत आल्यावरही प्रकाराप्रमाणे सात दिवस ते चार आठवडे चालू ठेवायच्या. इथेच सगळे चुकतात, घरी आलो आता कशाला म्हणून पाकीट अर्धवट सोडून देतात. मुलाचा डोस वजनावर असतो. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, उघड्या अंगाला डास पळवणारं, डीट असलेलं मलम, झोपताना मच्छरदाणी. आणि परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी केनियाहून आलोय" हेच सांगा, कारण तुम्ही याल ऐन पावसाळ्यात आणि इथे तेव्हा प्रत्येक तापाला व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देऊन पाठवतात.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला सहा महिने चाललोय. मी ६५, बायको ६१. तिला चौदा वर्षं डायबेटिस आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते, बाटली आणि सिरिंजवालं. इन्सुलिन कसं न्यायचं, विमानात वेळ कशी सांभाळायची, सहा महिन्यांची औषधं नेऊ देतात का? एजंट म्हणतो इन्शुरन्सच्या फॉर्मवर डायबेटिस लिहू नका, प्रीमियम वाढेल. (वाचक, मुलुंड पूर्व)

काका, शेवटच्या ओळीपासून सुरू करते. लिहा. डायबेटिस लिहा, बीपी असेल तर ते लिहा, मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा लिहा. माझ्याच एका पेशंटने बीपी लपवलं होतं, तिकडे छातीत दुखलं म्हणून रात्री हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तिथल्या डॉक्टरने सवयीप्रमाणे विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि यांनी पण सवयीप्रमाणे सगळ्या सांगितल्या, ते केसपेपरवर आलं आणि क्लेम नाकारला गेला. मुलाने हप्त्यांनी बिल फेडलं. जुन्या आजाराला किती कव्हर आहे हे पॉलिसीत वेगळं लिहिलेलं असतं, बऱ्याच स्वस्त पॉलिसी जुन्या आजारात जिवावरची इमर्जन्सी सोडून काहीच देत नाहीत, ते पान मुलीला फोनवर वाचून दाखवा आणि मगच पैसे भरा.

इन्सुलिन हँडबॅगेत. सगळंच्या सगळं. चेक-इनच्या बॅगेत ठेवलं तर खाली सामानात गारठून गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी त्याचा भरवसा नाही, दिसायला ठीक दिसलं तरी फेकायचं. आणि बॅग हरवली तर विषयच संपला. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशात, आइस पॅक टाकून छोट्या थर्मल पाऊचमध्ये, पण पॅक आणि बाटलीच्या मध्ये रुमाल ठेवा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका. चालू बाटली उन्हाबाहेर, २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. सुया, सिरिंज, ग्लुकोमीटर सिक्युरिटीला चालतं, फक्त डॉक्टरचं टाइप केलेलं पत्र हवं ज्यात औषधाचं मूळ नाव असेल, कंपनीचं नाही, कारण इथलं ब्रँडचं नाव तिकडच्या फार्मसीवाल्याला कळत नाही.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा आणि काकूंनाही वाचायला द्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत मिळतं ते यू-१००, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये १०० युनिट, त्याला केशरी टोपणाची सिरिंज. समजा तिकडे बाटली संपली, मुलीने तिथली आणली, आणि काकूंनी नेहमीप्रमाणे आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत गेलं अर्धा मिलिलीटर म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास! साखर एवढी खाली जाईल की माणूस बेशुद्ध पडेल. उलटं झालं, इथलं इन्सुलिन तिथल्या सिरिंजने २० पर्यंत घेतलं, तर पोटात जाईल जेमतेम ८ युनिट आणि साखर चढतच राहील. काकूंना टेबलावर दोन्ही सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दाखवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे जायच्या दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून इन्सुलिन पेनवर या, पेनमध्ये ही भानगड नाही कारण आकडा युनिटचाच असतो, आणि दोन महिने हातात सवय बसू दे.

वेळेचं म्हणाल तर मुंबईहून थेट विमान पंधरा-सोळा तास, आणि घड्याळ तिकडे साडेनऊ ते साडेदहा तास मागे, म्हणजे जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. एक जेवण जादा होतं किंवा कमी होतं, त्याप्रमाणे डोस बदलतो. तो हिशोब तुमच्या फ्लाइटच्या वेळा दाखवून तुमच्याच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, शेजाऱ्यांना काय सांगितलं होतं ते वापरू नका. विमानात हातातलं घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवा. आणि जेवणाचा ट्रे प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय इंजेक्शन घ्यायचं नाही, कारण विमान हलायला लागलं की सर्व्हिस तासभर थांबवतात. पर्समध्ये ग्लुकोज, बिस्किटं. दर तासा-दोन तासांनी उठून चाला, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा, चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो, आणि विंडो सीटवाले शेजारच्याला उठवायला लाजतात म्हणून तासन्तास तसेच बसून राहतात. आईल सीट घ्या.

औषधांचं, अमेरिकेत स्वतःपुरती साधारण ९० दिवसांची औषधं नेणं धरून चालतात. मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट. पुढच्या तीन महिन्यांचं इथूनच डॉक्टरांशी आणि मुलीशी बोलून ठेवा, तिकडे डॉक्टर दाखवायचा की इथून कागदपत्रांसह मागवायचं ते.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मुलगी विचारेलच. टीडॅप नावाची लस, धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला, तुम्ही दोघांनीही घ्या, बाळाला हातात घ्यायच्या निदान दोन आठवडे आधी. मोठ्यांना डांग्या खोकला म्हणजे नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो, दोन-तीन आठवड्यांच्या बाळाचा मात्र श्वास थांबू शकतो, आणि त्याला घरातल्याच माणसांकडून होतो. फ्लूची लस पण घ्या. डिंकाचे लाडू जरूर न्या, पण आधी ही दोन इंजेक्शनं.

प्रश्न : ऑगस्टमध्ये टेक्सासला एमएसला जातोय, वय २१. युनिव्हर्सिटीने लसींचा फॉर्म पाठवलाय आणि आईकडचं माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड २००५ च्या २६ जुलैच्या पुरात गेलं. आता काय करू? टीबीची टेस्ट पण मागितलीय, मला बीसीजी (टीबीची लस) दिलेली आहे. (वाचक, कलिना)

त्या पुरात कलिन्यातल्या कितीतरी घरांचे कागद गेले, तू एकटा नाहीस. दोन रस्ते आहेत, रक्तातली अँटीबॉडी तपासायची, गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांची, किंवा सरळ लसी परत घ्यायच्या. एमएमआर परत घेण्यात काही धोका नाही, दोन डोस, मध्ये २८ दिवस, म्हणजे हाच महिना धर. टेक्सासमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची, लस लागतेच, आणि ती सेमिस्टर सुरू व्हायच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. हॉस्टेलमध्ये एका खोलीत चौघं राहणाऱ्या मुलांना हा रोग पटकन लागतो आणि काही तासांत जीव घेऊ शकतो, त्यामुळे फॉर्म नसता तरी मी घ्यायला सांगितलीच असती.

टीबीसाठी हातावरची मांटू टेस्ट करू नकोस, बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा नावाची रक्ततपासणी असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. युनिव्हर्सिटीला चालते का हे मेल करून विचार, बहुतेक ठिकाणी चालते. इग्रा एमएमआरसारखी जिवंत लस घ्यायच्या आधी किंवा त्याच दिवशी करून टाक, नाहीतर परत महिनाभर थांबावं लागतं. आणि तिकडे जाऊन करतो म्हणू नकोस, तिकडे हीच इंजेक्शनं कितीतरी महाग पडतात.

प्रश्न : दिवाळीला मुलाकडे दुबईला जातेय. गुडघ्यासाठी ट्रामाडॉलची गोळी आहे, खोकल्याचं औषध पण लागतं. मुलगा म्हणतो गोळ्या आणू नकोस, पकडतील. खरंच असं असतं का हो? (वाचक, डोंबिवली)

खरंच असतं मावशी, मुलगा बरोबर सांगतोय. युएईत ट्रामाडॉल आणि कोडीन दोन्ही नियंत्रित यादीत आहेत. कोडीन आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. अशी औषधं न्यायचीच असतील तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते, त्यासाठी डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट लागतो. तुम्ही त्या फंदात पडू नका, गुडघ्यासाठी दुसरी गोळी चालते का ते डॉक्टरांना आत्ताच विचारा, म्हणजे ती लागू पडते का हे निघायच्या आधी कळेल.

आणि औषधांइतकंच महत्त्वाचं, तुमचा फराळ. खसखस तिकडे बंदी असलेल्या पदार्थांत येते कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याला अनारशावरची खसखस लगेच आठवते, ती दिसते. करंजीच्या सारणात भाजून घातलेली आठवत नाही, आणि घरच्या गोड्या मसाल्यात कुटलेली तर नाहीच नाही. करंज्या खसखशीशिवाय करा, अनारसे सोडूनच द्या, आणि मसाल्याची पिशवी न्यायची असेल तर स्वतः केलेला, ज्यात काय घातलंय हे तुम्हाला माहीत आहे तोच न्या. शेजारणीने कुणासाठी दिलेलं पुडकं तर अजिबात घेऊ नका, कितीही जवळची असली तरी. सिंगापूरलाही खसखशीचा हाच नियम आहे.

प्रश्न : वडील ७०, पाच महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलाय. युरोप टूरमध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊला जायचंय. त्यांना झेपेल का? त्यांनी टूरच्या फॉर्मवर "आजार नाही" असं लिहिलंय. (वाचक, बोरिवली)

आधी तो फॉर्म परत मागवा. युंगफ्राऊयोख, म्हणजे तिथलं वरचं रेल्वे स्टेशन, ३,४५४ मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे दुपटीहून वर, आणि तिथे चालत हळूहळू जात नाही तर ट्रेन तुम्हाला थोड्या तासांत नेऊन ठेवते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर ऑक्सिजन खालच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, शिवाय थंडी, आणि ग्रुपबरोबर चालायची घाई. पाच महिन्यांचा स्टेंट, तब्येत स्थिर आणि दोन जिने न थांबता चढता येत असतील तर बऱ्याच जणांना झेपतं, पण ते मी इथून सांगू शकत नाही, कार्डिओलॉजिस्टला उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं "युरोपला जाऊ का" असं विचारू नका, ते जा म्हणतील कारण पॅरिसला काहीच अडचण नाही. नको म्हणाले तर वडिलांनी त्या दिवशी खाली इंटरलाकेनला तलावाकाठी बसावं, तेही काही वाईट नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, जिभेखालची गोळी खिशात, बसमध्ये ठेवलेल्या बॅगेत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतोच, पण आजार लपवून काढला असेल तर ऐनवेळी त्याचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न : बालीहून हनिमूनवरून परत आलो, उबूदला बायकोच्या हातावर माकडाने ओरबाडलं, थोडं रक्त आलं. तिथे धुतलं आणि क्रीम लावलं. आता चार दिवस झाले, जखम सुकलीय. काही करायला हवं का? (वाचक, परळ)

हा मेल वाचल्याबरोबर यांना लगेच उत्तर पाठवून त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला लावलंय, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. बालीत २००८ पासून रेबीज आहे. जखम सुकली याला काही अर्थ नाही, रेबीजची लक्षणं आठवड्यांनी, महिन्यांनी येतात आणि आल्यावर औषध नाही. रक्त आलं असेल तर लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, दोन्ही लागतं. इम्युनोग्लोब्युलिन लसीच्या पहिल्या डोसबरोबरच द्यायचं, काही कारणाने राहिलं तर त्या डोसपासून सात दिवसांच्या आत. चार दिवस उशीर झाला म्हणून लस टाळायची नाही, आजच घ्यायची. पालिकेच्या दवाखान्यांत आणि हॉस्पिटलांत ही लस मोफत मिळते.

तिकडे असताना असं झालं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, मोबाईलवर टायमर लावून, कारण दोन मिनिटांतच माणसाला वाटतं पुष्कळ झालं. मग त्याच दिवशी तिथलंच हॉस्पिटल गाठायचं. पहिला डोस तिकडे घेतलात तरी पुढचे इथे ठरल्या तारखांना घेता येतात, फक्त लसीचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद सांभाळून आणा.